मामेकूळ : खडकतोडे

मला दोन मुली. मुलगा नाही. तरीही एका हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या उपवर मुलींच्या बापांनी माझ्या मुलाची चौकशी करायला येऊन माझ्या घरची साखर संपवली. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, निम्मे वगैरे काही नव्हते, दहा-बारा होते. त्यांना मोजायची सवय आहे, मला सांगायची. ज्याला जो आकडा पटेल त्यानं तो घ्यावा. पण मुलगा नव्हता, एवढं मात्र शंभर टक्के खरं. आता निवृत्त झालो आहे, तेव्हा हे उघडपणे सांगायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकात मी एका सहकारी बँकेच्या काउंटरवर होतो. तिथे माणसाची ओळख म्हणजे त्याचं तोंड. खातेदार दारातून आत येताना त्याच्या चपलेचा आवाज ऐकून मी त्याचा खाते क्रमांक सांगायचो. (बरं, क्रमांक नाही, नाव सांगायचो.) सही जुळली नाही तर आम्ही ओरडायचो, "काय अण्णा, आज हात थरथरतोय, साखर वाढली का?" दुसऱ्याचं नाव सांगून पैसे काढायला कोणी आलाच, तर रांगेतल्या चार जणांनीच त्याला दाराबाहेर नेऊन ठेवला असता.

मग नवं शतक आलं आणि मी एका खासगी बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात गेलो. काचेचं दार, थंडगार हवा, गळ्यात टाय. नव्हती ती फक्त माणसं. माणसाऐवजी अर्ज यायचा. अर्जाला फोटो, पगाराच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि पत्त्याचा पुरावा टाचलेला असायचा. आमचा एक पोऱ्या त्या पत्त्यावर जाऊन शेजारीपाजारी विचारायचा, "अमुक इथंच राहतात ना? माणूस कसा आहे?" उत्तर बरं आलं की मुंबईहून कार्ड निघायचं. कार्ड म्हणजे काय, तर आज बँकेच्या पैशानं खरेदी करा आणि पुढच्या महिन्यात फेडा. लोक पहिलं वाक्य नीट ऐकायचे. दुसरं ऐकताना त्यांना खोकला यायचा.

माझी खुर्ची तक्रार आणि वसुली यांच्या मधोमध होती. दिवसभर एकच वाक्य ऐकायचं : "साहेब, हे कार्ड माझं नाहीच." एका गृहस्थांनी ज्या सोन्याच्या साखळीचं बिल थकवलं होतं तीच साखळी गळ्यात घालून येऊन मला शपथेवर हे वाक्य सांगितलं. दुसऱ्या एकानं सगळा दोष जुळ्या भावावर ढकलला. मी म्हटलं, भावाला घेऊन या. तर हाच कपडे बदलून आला. खोटं बोलणाऱ्यांनी ते वाक्य इतकं झिजवून ठेवलं होतं, की खऱ्या माणसाच्या तोंडी ते आलं तेव्हा त्यात काही जीवच उरला नव्हता.

तो खरा माणूस म्हणजे प्रमोद वाघचौरे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर कामाला. तो आला नव्हता, आली होती त्याची आई. काचेचं दार तिनं असं ढकललं की सुरक्षारक्षक टोपी सावरत मागे सरला.

"माझ्या लेकाला चोर म्हणणारा कोण तो? भाईर काढा त्याला!"

ह्या सुमनताई. नवरा गेल्यावर कॉलनीत शिलाई करून पोराला वाढवलेली बाई. आवाज असा, की आमच्या ऑफिसातलं कुंडीतलं झाड त्या दिवसापासून एका बाजूला झुकलं ते कायमचं. मी टाय सैल केला आणि म्हटलं, "ताई, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. दोन पैलवान आले होते तुमचे. कारखान्याच्या गेटावर, पाळी सुटायच्या वक्ताला. पाचशे माणसांपुढं ओरडले, वाघचौरे कोण हाय, बँकेचे पैसे बुडवून बसलाय म्हणून. माझं पोरगं शरमेनं पांढरं पडलं! अहो, त्याला कारड काय आन् पोस्टाचं कारड काय!"

"सगळे असंच म्हणतात, ताई."

"सगळ्यांच्या लेकाचं लगीन मोडलं का?"

तेव्हा मी पहिल्यांदा मान वर केली.

गोष्ट अशी होती. प्रमोदचं लग्न सायखेड्याच्या एका मुलीशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती, दिवाळीनंतरची तारीख काढायची होती. सायखेड्याचेच दोघं वीज केंद्रात कामाला. पैलवानांचा तमाशा त्यांच्याबरोबर पहिल्या एसटीनं गावात पोचला. ऐन दिवाळीत मुलीच्या बापाचा निरोप आला : बुडव्याच्या घरात पोरगी देत नाही.

"मुलगी लय गुणाची हो," सुमनताई एकदम खाली बसल्या. आवाजही बसला. "मला पैसे नको, काय नको. माझ्या लेकाचं नाव तेवढं धुवून द्या. ती मंडळी दुसरीकडं बघायच्या आत."

मी कागद काढले. अर्जावर प्रमोदचं नाव, प्रमोदची जन्मतारीख, प्रमोदच्या पगाराच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि कोट-टाय घातलेल्या प्रमोदचा फोटो. फक्त राहायचा पत्ता सिडकोतल्या एका भाड्याच्या खोलीचा होता. कार्ड तिथं गेलं, महिनाभर धूमधडाक्यात वापरलं गेलं आणि मग खोलीला कुलूप लागलं. पैलवानांनी पगाराच्या चिठ्ठीवरून एकलहऱ्याचं गेट गाठलं.

"हा फोटो?" मी विचारलं.

"लग्नासाठी काढलेला. कोट इष्टुडिओचा. आमच्यात कोण कोट घालतो?"

"आणि ही सही?"

दुसऱ्या दिवशी प्रमोदला बोलावून माझ्यासमोर दहा वेळा सही करायला लावली. बिचारा देवनागरीत सही करत होता, एकेक अक्षर बॉयलरच्या नळासारखं जाड. अर्जावरची सही होती इंग्रजीत, झोकदार, खाली दोन टिंबं. मी हादरलो. इतकी वर्षं खोटं ऐकायला कान तयार केले होते, आणि पहिल्यांदाच समोर खरं बसलेलं होतं.

सिडकोला मी स्वतः गेलो. आमच्या पोऱ्यानं ज्या शेजारणीकडे चौकशी केली होती तिला विचारलं, "मावशी, शेजारच्या खोलीतला प्रमोद वाघचौरे कसा दिसायचा?"

"कोणाला ठाऊक! मी त्याला कधी पाहिलाच नाही."

"अहो, पण तुम्हीच आमच्या माणसाला सांगितलं ना, की मुलगा निर्व्यसनी आहे, वेळेवर घरी येतो, मान खाली घालून चालतो?"

"मग? मला वाटलं सोयरिकीची चौकशी आहे. कोणाच्या पोराचं जमत असेल तर आपण कशाला मोडता घालायचा?"

मी पायरीवरच बसलो. आमच्या बँकेची सगळी तटबंदी ह्या मावशींच्या चांगुलपणावर उभी होती! आपल्याकडे अनोळखी माणसानं दारात उभं राहून कोणाबद्दल विचारलं, की तो मुलगीवाला. आणि मुलगीवाल्यासमोर शेजारचा पोरगा म्हणजे साक्षात देवमाणूस. नंतर मी पोऱ्यांनी तपासलेले जुने कागद चाळले. नाशिक शहरात एकही माणूस वाईट वागत नव्हता. अख्खं शहर मान खाली घालून चालत होतं.

पण खरा धक्का पुढे होता. त्या कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला एकानं मुंबईला फोन केला होता. फोनवर बँक खात्री कशी करते? जन्मतारीख विचारते, आणि मग एक असं गुपित विचारते की जे फक्त ग्राहकालाच ठाऊक असणार : आईचं माहेरचं आडनाव. फोन करणाऱ्यानं दोन्ही धडाधड सांगितलं होतं.

मी आवाज खाली आणून सुमनताईंना विचारलं, "ताई, नीट आठवून सांगा. तुमचं माहेरचं आडनाव कोणाकोणाला माहीत आहे?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी गोदावरी कुठून वाहते असं विचारलं. "निफाडापासून सिन्नरपर्यंत सगळ्यांना. बायोडाट्यात लिवलंय की. मामेकूळ!"

वाचकहो, मी खुर्चीवरून पडलो. अक्षरशः पडलो, खुर्चीला चाकं होती. मुंबईच्या काचेच्या इमारतीत बसलेल्या हुशार माणसांनी कुठल्या तरी परदेशी वहीतून उचललेलं ते गुपित आपण पिढ्यान्‌पिढ्या वर गणपती छापून, खाली संपर्क देऊन, लग्नाच्या बायोडाट्यात वाटत आलोय. जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, पगार, नोकरीचं ठिकाण आणि मामेकूळ. चोरानं कुलूप फोडायचं काही कारणच नव्हतं. किल्ल्यांच्या झेरॉक्स गावभर होत्या.

"आणि पगाराची चिठ्ठी? तीही वाटली?"

"छ्या! ती एकाच जागी दिली. नाशिकरोडच्या सूचक केंद्रात. सर म्हणाले, मुलीकडचे फसवतात, मुलाकडचे फसवतात, म्हणून चिठ्ठीची झेरॉक्स लागते. लय कडक माणूस."

हे सर म्हणजे मधुकरराव. जिन्याखालच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र चालवायचे. पोलिसात गेलो तर हवालदार म्हणाले, "साहेब, त्याच्याकडं हजार पोरांचे कागद. ह्यानंच केलं कशावरून? कारकुनानं केलं असेल, झेरॉक्सवाल्यानं केलं असेल." मुंबईला कळवलं, तर तिथून उत्तर आलं की ग्राहकानं आधी पैसे भरावेत, मग चौकशी करू. न घेतलेलं कर्ज फेडा, मग तुम्ही घेतलं नाही असं मान्य करू! मी तो फोन खाली ठेवला आणि सुमनताईंना म्हटलं, "ताई, मला एक मुलगा पाहिजे."

त्या हातातली पिशवी घेऊन उठल्याच.

"तसा नव्हे हो! कागदावरचा!"

असा अभिजितचा जन्म झाला. आमच्या जेवणाच्या टेबलावर, हवालदारांच्या संमतीनं. अभिजित खैरनार, इंजिनिअर, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. तिथे माझ्या एका मित्राचा कारखाना होता. त्यानं पगाराची चिठ्ठी दिली आणि जोशात दोन बढत्याही देऊन टाकल्या. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त. फोटोचा प्रश्न आला. दुसऱ्या कोणाचा वापरावा तर तो अडकायचा. म्हणून माझाच, लग्नाआधीचा, मिशीवाला फोटो काढला. नाशिकरोडच्या स्टुडिओवाल्यानं संगणकावर त्याला रंग चढवला, कल्ले छाटले, वर निळा शर्ट घातला. मी इतका देखणा होतो ह्याचा मलाच धक्का बसला. सौभाग्यवतींना जास्त बसला.

"आणि मामेकूळ?" मी विचारलं. "असं पाहिजे, की पृथ्वीवर दुसऱ्या कोणाचं नसेल."

"खडकतोडे लिवा," सुमनताई म्हणाल्या. "बघू कोण म्हणतो आमच्यात हाय."

सौभाग्यवती उखडल्या. "म्हणजे माझं माहेर खडकतोडे? माझ्या बापाला काय वाटेल?"

"तुझ्या बापाला नातू झाला, हे आधी सांग त्यांना."

बायोडाटा एकाच ठिकाणी दिला : मधुकररावांच्या केंद्रात. मी आणि सौभाग्यवती जोडीनं गेलो. मधुकरराव म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस. कपाळाला अष्टगंध, चष्म्याला दोरी, बोलणं मऊ. मला अपेक्षा होती चोराची, आणि समोर भजनी मंडळाचा अध्यक्ष. त्यांनी पगाराची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "एकुलता एक?"

"एकुलता एक," मी म्हटलं. "खूप नवसानं झाला."

सौभाग्यवतींनी मला टेबलाखालून लाथ घातली.

आता आम्ही वाट बघायची होती ती कार्डाच्या अर्जाची. आले मुलीवाले. मधुकरराव धंद्याला पक्के. केंद्रही इमानानं चालवायचे. रविवारी सकाळी घंटा वाजायची, दारात टोपी, पिशवी, काखेत गुळाची ढेप. अभिजित कुठे आहे म्हटलं की मी त्याला कधी बंगलोरला पाठवायचो, कधी जर्मनीला. एका रविवारी गडबडीत मी त्याला जर्मनीत आणि सौभाग्यवतींनी अंघोळीला पाठवला. पाहुणे दीड तास अंघोळ संपायची वाट बघत बसले. माझ्या धाकट्या मुलीनं तर त्याला राखी बांधल्याची आठवण डोळ्यांत पाणी आणून सांगितली. ती माझ्यावर गेली आहे.

मग एके दिवशी पांढऱ्या फेट्याचा, धिप्पाड, शांत माणूस आला. फोटो हातात धरून म्हणाला, "पोरगा हुबेहूब तुमच्यावर गेलाय."

"लोक म्हणतात तसं."

"आमी सायखेड्याचे. दौलतराव, पण समदे बापू म्हणतात. पोरगी वैशाली, नाशिकरोडला बी.एड.ला जाती रोज एसटीनं. दिवाळीआधी एक जमलं व्हतं एकलहऱ्याला. पण निघाला बुडव्या. वाचलो."

मी चहाचा कप खाली ठेवला. हा प्रमोदचा सासरा! ज्याचं मन वळवायला मी मुलगा जन्माला घातला, त्यालाच तो मुलगा जावई म्हणून पसंत पडत होता! आणि तोंड उघडावं तर उघडता येत नव्हतं. बापूंना खरं सांगितलं, ते तडक मधुकररावांची गचांडी धरायला गेले, की झालं. अर्ज येणारच नाही आणि प्रमोदचं नाव काळं ते काळंच.

मी मुलाचं वाईट सांगायला सुरुवात केली. "बापू, मुलगा जरा तापट आहे."

"कर्त्या माणसाला राग यायचाच."

"कधीमधी घेतो."

"आवो, आजकाल कोण नाय घेत? पन बापानं तोंडानं सांगितलं! असा खरा माणूस नाय पाहिला मी."

"घोरतो हो फार."

"आमच्या पोरीला रेडिओ लावून झोपायची सवय हाय."

सौभाग्यवती आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसत होत्या की रडत होत्या, मला अजून माहीत नाही. जाताना बापूंनी माझे दोन्ही हात धरले. "व्याही, आपल्याला घर पसंत हाय. पोराला एकडाव बघतो आन् सुपारी फोडतो."

त्या रात्री मी प्रमोदचं तोंड आठवत जागा राहिलो. सुमनताईंना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात टपालात तो आला. माझ्याच टेबलावर माझाच तरुण चेहरा! अर्जदार अभिजित खैरनार. आईचं माहेरचं आडनाव : खडकतोडे. राहायचा पत्ता पाथर्डी फाट्याजवळचा. सही इंग्रजीत, झोकदार, खाली दोन टिंबं. सगळ्या बँका सोडून त्यानं पुन्हा आमचीच निवडली होती, कारण आमच्या चौकशीला शेजारणी पुरतात हे त्याला पाठ झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती शिसारी. तो जिन्याखाली बसून लोकांच्या लेकरांना स्थळं सुचवायचा, आणि त्याच हातानं त्यांची नावं उचलायचा.

आम्ही चौकशी केली. तिथली शेजारीण म्हणाली, अभिजित फार गुणी आहे. मग कार्ड पाठवलं. कुरियरवाला पुढे, जिन्यात मागे हवालदार आणि त्यांच्या मागे मी. दार किलकिलं झालं.

"अभिजित खैरनार कोण?"

"मीच," मऊ आवाज आला. "कुठे सही करू?"

मी जिना चढून वर आलो. "अभ्या," मी म्हटलं, "बापाला ओळखलं नाहीस?"

मधुकररावांचा चष्मा दोरीवर लोंबकळला. माणूस पांढरा पडतो म्हणतात. हा आधी पिवळा पडला, मग हिरवा, मग पांढरा. खोलीत अजून सात-आठ जणांचे अर्ज तयार सापडले. सात-आठ अभिजित, फरक एवढाच की त्यांना खरे आईबाप होते.

पुढचं काम कंटाळवाणं, पण ज्याच्यावर ही वेळ येईल त्याच्या उपयोगाचं, म्हणून सांगतो. प्रमोदकडून लेखी तक्रार घेतली, पोलिसांच्या फिर्यादीची प्रत जोडली, स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, सहीचे नमुने लावले आणि प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यानिशी घेतली. तोंडी काही बोलायचं नाही; बँकेला कान नसतात. आमच्याकडून "ह्या माणसाचा ह्या कर्जाशी संबंध नाही" असं पत्र काढलं, आणि बाकीच्या बँकांकडे त्याचं नाव काळ्या यादीत गेलं होतं तिथून ते उतरवून घेतलं. ह्याला चोर पकडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आणि आधी सावध राहायचं तर इतकंच : कुठलीही झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारून, कोणाला आणि कशासाठी दिली ते तारखेसह लिहा, सही करा. फोटोवर अर्धी सही येऊ द्या. पगाराची चिठ्ठी कोणी मागितली तर दाखवा, देऊ नका. बँकेनं गुपित विचारलं तर आईचं माहेर सांगू नका. म्हशीचं नाव सांगा, ते बायोडाट्यात नसतं. मी मुंबईला हेच कळवलं होतं. त्यांनी आभार मानले आणि पुढची कित्येक वर्षं आईचं माहेरच विचारत राहिले. ह्याची खंत मला आजही आहे.

पत्र हातात पडलं त्या रविवारी मी, सुमनताई आणि प्रमोद सायखेड्याला गेलो. आईच्या हुकमावरून प्रमोदनं पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घातला होता, मनगटाची बटणं लावून. जीपमधून उतरल्यावर भिंतीला धरून चालावं तसा तो आईला धरून चालत होता.

बापू ओट्यावरच होते. मला बघून उठले. "या या, व्याही! पोरगा आला का जर्मनीवरनं?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. पत्र पुढे केलं. बापूंनी ते घेतलं नाही. त्यांचा चेहरा असा दगड होत गेला, की मला मधुकरराव बरे वाटायला लागले.

"म्हंजे पोरगा नव्हताच."

"नव्हता."

"त्या चोरानं दुसऱ्याच्या पोराचं नाव चोरलं," बापू सावकाश म्हणाले. "तुमी तर नसलेलं पोर माझ्या पोरीला दाखवलं. मी गावात सांगून बसलो. ह्यातला मोठा लबाड कोण, सांगा?"

 सुमनताई पुढे झाल्या. "बापू, भांडण ह्यांच्याशी करा, नायतर माझ्याशी करा. माझ्या लेकाचं काय चुकलं? कागदावर नका जाऊ. हा उभा हाय पोरगा."

"हा?" बापूंचा आवाज चढला. "हा तरी तोच कशावरून? पगाराची चिठ्ठी खोटी निघती, फोटू खोटा निघतो, बाप म्हणून भेटतो आन् बँकेचा सायब निघतो! ह्याचं नाव वाघचौरेच हाय कशावरून? एकडाव बघितला व्हता, ते बी चहा पिण्यापुरता. आता मी कोणावर इस्वास ठेवू? मला कोण सांगणार, हा तोच हाय म्हणून?"

प्रमोद खाली बघत उभा. मी पत्राची घडी उलगडली आणि परत घातली. त्यातलं एक वाक्यही ह्या प्रश्नाला पुरणारं नव्हतं.

"तोच आहे," आतून आवाज आला.

दारात वैशाली उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. "बापू, तोच आहे. डाव्या कोपराच्या वर भाजल्याचा मोठा डाग आहे त्यांना. जखम अजून पुरती भरली नाही. संक्रांतीच्या आठवड्यात वाफेचा नळ फुटला होता."

"संक्रांतीला?" बापू म्हणाले. "अगं, दिवाळीला तर आपण बोलणं तोडलं."

"भाजलं?" सुमनताई गर्रकन वळल्या. "कधी रे? मला कसं नाय सांगितलंस?"

प्रमोदचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. वैशालीच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी ओट्यावर सांडत राहिलं. बापूंनी तिच्याकडे पाहिलं, मग प्रमोदच्या मनगटापर्यंत बटणं लावलेल्या पांढऱ्या बाहीकडे पाहिलं. मग ते खाटेवर बसले.

बाही वर करून दाखव, असं कोणीही म्हणालं नाही.